नवजात बाळासाठी कार सीट : कशी निवडावी, कशी बसवावी

बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी निघतात तो प्रसंग मी परिचारिकेच्या नोकरीत शेकडो वेळा पाहिला आहे. आजी धुतलेली दुपटी घेऊन येते, बाळाचे वडील पेढ्यांचा बॉक्स आमच्या टेबलावर ठेवतात, बाळाला टोपरे घातले जाते. टाक्यांची काळजी, दूध पाजण्याची पद्धत, लसींचे कार्ड, कावीळ वाढली तर कधी यायचे, हे सगळे आम्ही समजावून सांगत असू. मग मंडळी खाली उतरत. आई बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसे, कारण पुढे गचके कमी बसतात असे सगळे म्हणत. आम्ही वरून हात हलवत असू. त्या गाडीतल्या प्रवासाबद्दल आम्ही कधी एक शब्द सांगितला नाही, कारण आम्हालाच काही माहीत नव्हते.

माझ्या मुलाने गाडी घेतली ती आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. सुनेला सातवा महिना लागला तेव्हा त्याने हौसेने बाळाची कार सीटही आणली आणि मागच्या सीटवर बसवून मला दाखवायला बोलावले. मी सहज एका हाताने ती ओढली, तर अख्खी सीट सरकून पुढे आली आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकली. पट्टा लावलेला होता, बकलही खट् करून बसलेले होते. पण पट्टा नुसता वरून गेला होता. ज्या खाचांतून तो जायला हवा त्या रिकाम्याच होत्या. शिवाय सीटचे तोंड पुढे, रस्त्याकडे होते. इंजिनिअर झालेला मुलगा, पण माहितीपुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघांनी ती पुस्तिका घेऊन दीड तास गाडीत काढला. तेव्हा आणि नंतर जे शिकले ते इथे लिहीत आहे.

आधी मांडीचा प्रश्न. "आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती?" असे घरातली मोठी माणसे म्हणतात. घरात ते खरे आहे. चालत्या गाडीत हिशेब वेगळा होतो. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असताना समोर आदळली, तर ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. आतली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. चार किलोच्या बाळाला तेवढ्या वेळात थांबवायचे तर सरासरी ५५ ते ६० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. कल्पना नसताना, एका क्षणात, हातातल्या दुपट्यात गोणीहून जड काहीतरी पुढे झेपावते. जगातली कोणतीही आई, कोणताही पैलवान ते धरून ठेवू शकत नाही. आणि हा वेग महामार्गावरचा नाही, गावातल्या मोठ्या रस्त्यावरचा आहे. या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तीन मजली इमारतीवरून खाली पडण्यासारखे.

काही जण बाळाला मांडीवर घेऊन दोघांच्या वरून एकच पट्टा लावतात. हे अधिक वाईट. धडकेच्या वेळी आईचे सगळे वजन मागून बाळावर येते आणि पुढून पट्टा आवळतो; मधल्या मध्ये बाळ चेंगरते. बाळाला पोटाशी झोळीत बांधून बसले तरी तेच होते. पुढच्या सीटवर आणखी एक धोका आहे, एअरबॅगचा. ती मोठ्या माणसाच्या छातीचा विचार करून केलेली असते आणि पापणी लवायच्या आत फुगते. तिच्यासमोर बाळ असेल तर वाचवणारी वस्तूच जीव घेते. म्हणून बाळ मागच्या सीटवर, आणि मागेही बांधलेले हवे. मागे बसले की पट्टा लागत नाही ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. महागडी गाडी होती. पट्टा न लावता मागे बसलेले दोघे गेले आणि पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यानंतर काही दिवस सगळ्यांनी मागे पट्टे लावले. पुढे काय झाले ते आपण रोज पाहतोच.

आता तोंड मागे का, हे नीट समजून घेऊ, कारण नातेवाईक सर्वांत जास्त वाद इथेच घालतात. "बाळाला काही दिसत नाही", "पाय दुमडतात", "आपल्याला त्याचे तोंड दिसत नाही". नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. आपले डोके उंचीच्या सातव्या-आठव्या भागाएवढे असते. एवढे जड डोके ज्या मानेवर आहे तिची हाडे अजून पूर्ण हाडे झालेली नसतात, बराचसा भाग कूर्चेचा असतो आणि त्यांना बांधणारे स्नायुबंध सैल असतात. तोंड पुढे असलेल्या सीटमध्ये धडक झाली की पट्टे धड धरून ठेवतात, पण डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर, मानेतल्या मज्जारज्जूवर येतो. तोंड मागे असेल तर तोच धक्का पाठ, मान आणि डोके यांना एकत्र सीटच्या कवचात दाबतो. जोर पूर्ण पाठीवर वाटला जातो आणि मान ताणली जात नाही. बहुतेक भीषण धडका समोरून होतात, म्हणून पाठ पुढे.

ही कल्पना स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या संशोधकाची. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात, म्हणजे त्या वेळचा प्रचंड जोर त्यांची पाठ झेलते. ते पाहून त्यांनी १९६०च्या दशकात मुलांसाठी उलट्या तोंडाची सीट तयार केली. आपल्या तीन टोकांच्या पट्ट्याचा जन्मही स्वीडनचाच. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी तो १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना खुले केले. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या अंदाजाप्रमाणे, योग्य कार सीटमुळे एक वर्षाच्या आतील बाळाचा मोटार अपघातात मृत्यू होण्याचा धोका ७१ टक्क्यांनी कमी होतो. एखादी लस इतके काम करत असती तर आपण रांगा लावल्या असत्या.

मग तोंड पुढे कधी करायचे? युरोपच्या नव्या नियमाप्रमाणे १५ महिन्यांच्या आत कधीही नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला त्याहून सरळ आहे : सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत जितके दिवस जमेल तितके दिवस तोंड मागेच ठेवा. पाय दुमडून बाळ आरामात बसते. आपल्याला ते अवघडलेले वाटते, त्याला वाटत नाही.

खरेदीचे थोडक्यात सांगते. नवजात बाळासाठी दोन प्रकार मिळतात. एक, हँडल असलेली टोपलीसारखी सीट, जन्मापासून साधारण १३ किलोपर्यंतची. दुसरी मोठी, गाडीतच राहणारी, आधी मागे तोंड आणि नंतर पुढे तोंड करता येणारी, बहुधा १८ किलोपर्यंत चालणारी. दुसरी अधिक वर्षे पुरते. पहिली बाळासकट उचलता येते आणि भाड्याच्या गाडीतही लावता येते. रंग, गादी, खेळणी टांगायची दांडी यांच्याकडे पाहू नका. सीटच्या पाठीवर किंवा तळाला प्रमाणपत्राचे लेबल शोधा. गोलात इंग्रजी 'ई' आणि त्याशेजारी आकडा असतो, आणि खाली ४४ किंवा १२९ हा नियमाचा क्रमांक. १२९ हा नवा आणि कडक; त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते. आपल्याकडचे एआयएस-०७२ हे मानक जुन्या ४४ क्रमांकाच्या नियमावर बेतलेले आहे. असे लेबलच नसलेली 'फोर इन वन' कॅरी कॉट बाजारात स्वस्त मिळते. पाळणा म्हणून ती ठीक आहे. गाडीत तिचा उपयोग शून्य.

वापरलेली सीट घ्यायला हरकत नाही, पण ती ओळखीच्या घरातली असावी, तिचा इतिहास माहीत असावा. एकदाही अपघातात सापडलेली सीट घेऊ नये. वरून काही दिसत नसले तरी आतले कवच तडकलेले असू शकते. लेबल आणि माहितीपुस्तिका शाबूत हवी, मुदत संपलेली नसावी. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने पाठवलेली सीट असेल तर आणखी एक अडचण आहे. तिथल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की जागच्या जागी कुलूपबंद होतात आणि तिथल्या बहुतेक सीट त्या भरवशावर केलेल्या असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे पट्टे फक्त झटका बसल्यावर अडकतात, एरवी सैल येत राहतात. अशा सीटमध्ये पट्टा अडकवून ठेवणारी स्वतःची क्लिप नसेल तर ती इथे कधीच घट्ट बसणार नाही. महाग भेट आली म्हणून संकोचाने वापरू नका.

आणि एक गोष्ट दुकानातच करा : सीट गाडीपर्यंत नेऊन लावून पाहा. काही गाड्यांचा मागचा पट्टा इतका आखूड असतो की बाळाच्या सीटला वळसा घालून तो बकलपर्यंत पोचतच नाही. हे घरी आल्यावर कळले तर दुकानदार परत घेईलच असे नाही.

आता बसवणे. गाडी सपाट जागेवर उभी करा. उतारावर उभी असेल तर सीटचा कोन चुकीचा दिसेल. एका माणसाचे हे काम नाही, दोघे लागा, आणि दोन पुस्तिका जवळ ठेवा, सीटची आणि गाडीची. दोन्हींचे म्हणणे जुळले पाहिजे.

जागा कोणती? तत्त्वतः मागच्या सीटचा मधला भाग सर्वांत चांगला, कारण दोन्ही दारांपासून तो लांब असतो. पण अनेक जुन्या गाड्यांत मध्ये फक्त कमरेचा पट्टा असतो किंवा सीट मध्येच उंचवट्याची असते. तिथे डगमगणारी सीट लावण्यापेक्षा कडेला घट्ट लावलेली बरी. आपल्याकडे डावी बाजू सोयीची पडते. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, त्यामुळे बाळाला उतरवताना वाहनांकडे पाठ करून उभे राहावे लागत नाही. जीपसारख्या गाडीत मागे जी समोरासमोरची आडवी बाके असतात त्यांवर कोणतीही कार सीट लावू नये.

पट्ट्याने लावायची टोपलीसारखी सीट घेतली असे धरू. ती मागच्या सीटवर ठेवा, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी. तिच्या अंगावर निळ्या खुणा दिसतील. निळा रंग उलट्या तोंडाच्या सीटचा पट्टा कुठून जायचा ते सांगतो. लाल रंग पुढे तोंड असलेल्या सीटसाठी. दोन्ही रंग असलेल्या सीटमध्ये लोक इथेच फसतात. गाडीचा पट्टा बराच बाहेर ओढून घ्या. बहुतेक सीटमध्ये कमरेचा भाग बाळाच्या पायांच्या बाजूने, दोन्हीकडच्या निळ्या खाचांतून जातो आणि बकलमध्ये बसतो. खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळसा घेऊन मागच्या निळ्या आकड्यात अडकतो. तुमच्या सीटमध्ये थोडा फरक असू शकतो, शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

पट्ट्याला कुठेही पीळ नको. पीळ पडला की रुंद पट्ट्याची दोरी होते आणि ती नीट ताणलीही जात नाही. मग एकाने तळहाताने किंवा गुडघ्याने सीट खाली आणि मागे दाबून धरायची आणि दुसऱ्याने आधी कमरेचा, मग खांद्याचा भाग ओढत सैलपणा काढायचा. पुन्हा दाबायचे, पुन्हा ओढायचे. माझ्या मुलाला तिसऱ्या खेपेस घाम फुटला तेव्हा कुठे सीट बसली.

तपासायची रीत अशी : पट्टा जिथून जातो त्या जागी सीट हाताने धरा आणि डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त, हलता कामा नये. डोक्याकडचा वरचा भाग थोडा डुलला तर घाबरू नका; उलट्या तोंडाच्या सीटमध्ये तेवढे चालते. पट्ट्याजवळ मात्र हलायला नको. बकलकडेही पाहा. काही गाड्यांत बकलची दांडी लांब असते आणि बकल नेमके प्लॅस्टिकच्या खाचेवर येऊन बसते. झटक्याला तिथे बकल मोडू शकते. असे होत असेल तर दुसरी बाजू बघा किंवा सीटच बदला.

कोन हा पुढचा मुद्दा आणि मी परिचारिका म्हणून यावर जास्त बोलणार. सीटच्या बाजूला एक रेघ किंवा छोटा गोळा असतो, तो जमिनीला समांतर किंवा ठरलेल्या पट्ट्यात आला पाहिजे. सीट फार उभी झाली तर बाळाचे डोके पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. नवजात बाळाला डोके उचलता येत नाही आणि श्वास अडला तर ते रडूही शकत नाही. बाहेरून वाटते, किती गाढ झोपले आहे. उलट सीट फार आडवी झाली तर धडकेत बाळ खांद्याच्या दिशेने पट्ट्यांतून वर सरकते. म्हणून आपल्या मनाने उशी, चादरीची घडी खाली सरकवू नका. पुस्तिकेने परवानगी दिली असेल तरच.

गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत आयसोफिक्स नावाची सोय असते. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटे घातली की दोन लोखंडी कड्या लागतात. सीटच्या तळाचे दोन हात त्या कड्यांत ढकलायचे, दोन्हीकडून खट् आवाज यायला हवा आणि दोन्ही खुणा हिरव्या दिसायला हव्यात. एक हिरवी, एक लाल म्हणजे लागलेलीच नाही. बहुतेक सीटला त्याशिवाय तिसरा आधार असतो : खाली टेकणारा पाय किंवा वरून मागे बांधायचा टेदर पट्टा. पाय असेल तर तो जमिनीवर घट्ट टेकवा. जमिनीत सामानाचा कप्पा असलेल्या गाड्यांत त्या झाकणावर पाय टेकवू नये, झाकण दबते. आयसोफिक्सने चुका कमी होतात हे खरे, पण ती असलीच पाहिजे असे नाही. पट्ट्याने नीट लावलेली सीटही सुरक्षित असते. 'जास्त बळकट' म्हणून दोन्ही एकदम लावू नका, पुस्तिका सांगत नसेल तर.

सीट बसली. आता बाळ बसवायचे आणि इथे आपल्या घरच्या सवयी आड येतात. आपण बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतो. गुंडाळलेले बाळ कार सीटमध्ये बसवता येत नाही, कारण मधला पट्टा त्याच्या दोन पायांच्या मधून वर यायला हवा. म्हणून पाय मोकळे असलेले पातळ सुती कपडे घाला. लोकरीचे जाड स्वेटर, कुंची काढा. जाड कपड्यात पट्टा घट्ट वाटतो. धडकेत कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. कुंचीची घडी डोक्यामागे आली की डोके पुढे ढकलले जाते. थंडी असेल तर आधी पट्टे लावा, मग वरून दुपटे पांघरा. तोंड उघडे राहू द्या. गळ्यात काळा दोरा असेल तर तो काढाच. आपल्या घरांत तो नसावाच, पण दिसतो.

खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. मग ओढून सपाट बसवा. पट्टा घट्ट झाला की नाही हे पाहायला खांद्याजवळ तो उभ्या दिशेने चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर सैल आहे; बोटे घसरली तर बरोबर. बाळाची पाठ आणि कुल्ले सीटला पूर्ण टेकलेले हवेत. सीटबरोबर आलेली गादी सोडून दुसरी कोणतीही, कितीही मऊ, पाठीमागे घालू नका.

बाळ कमी दिवसांचे, ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले, किंवा अडीच किलोच्या आतले असेल तर घरी नेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आपल्याकडे अशी बाळे थोडी नाहीत. काही देशांत अशा बाळाला सुटी देण्याआधी सीटमध्ये बसवून त्याचा श्वास आणि ऑक्सिजन पाहतात. सीटच्या लेबलावर किमान वजन दिलेले असते, तेही वाचा. पहिल्या काही आठवड्यांत एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नये असा सल्ला दिला जातो. नंतरही दर दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढा, आडवे करा, दूध पाजा. मागे बाळाशेजारी एक मोठे माणूस असावे. घरी पोचलात की झोपलेले असले तरी सीटमधून काढून सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवा. "झोपले आहे, राहू दे" म्हणून टोपली तशीच खोलीत ठेवणे धोक्याचे आहे.

खरी परीक्षा बाळ रडते तेव्हा असते. नात तीन महिन्यांची असताना आम्ही नागपूरहून निघालो. समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १०० च्या पुढे होती आणि ती रडायला लागली. पाच मिनिटे, दहा मिनिटे. सून रडवेली झाली. पुढून मुलगा म्हणाला, "काढ तिला, घे मांडीवर, मी हळू चालवतो." आणि माझ्याही तोंडात तेच शब्द आले होते. सुनेने दोघांचे ऐकले नाही. ती म्हणाली, "गाडी थांबेपर्यंत नाही." त्या रस्त्यावर मध्येच कडेला थांबणेही जीवघेणे. पुढच्या थांब्यापर्यंत वीस मिनिटे लागली, ती रडतच होती, सून तिचा पाय धरून गाणे म्हणत होती. थांबल्यावर पाहिले तर लंगोट ओला आणि भूक. रडणाऱ्या बाळाला इजा होत नाही, हे मी शेकडो आयांना वॉर्डात सांगितले होते. त्या वीस मिनिटांत मला स्वतःला ते आठवत नव्हते. लांबच्या प्रवासाला, नागपूरला दीक्षाभूमीवर किंवा दादरला जायचे असेल, तर दर दीड तासाचा थांबा निघतानाच ठरवा आणि चालकालाही सांगून ठेवा.

गाडीतल्या सुट्या वस्तूंचाही विचार करा. मागच्या काचेजवळची छत्री, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली धडकेत दगडासारखी उडते. डिकीत ठेवा. डॅशबोर्डवर डावीकडे, एअरबॅगच्या झाकणावर आपण श्रद्धेने बुद्धमूर्ती चिकटवतो. एअरबॅग उघडली तर ती मूर्ती तशीच आत फेकली जाईल. ती घरात विराजमान असू द्या.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीतले बकल आणि काळे प्लॅस्टिक चटका देण्याइतके तापते. गाडी उभी करताना सीटवर पांढरे कापड टाकून ठेवा आणि बसवण्याआधी हात लावून पाहा. "दोन मिनिटांत येतो" म्हणून बाळाला बंद गाडीत कधीही सोडू नका, काच थोडी उघडी ठेवूनसुद्धा.

कायद्याबद्दल : मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ब आले. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सीट न लावता नेले तर चालकाला १,००० रुपये दंड आहे. दुचाकीसाठी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० ची वेगमर्यादा, आणि नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट हा नियम आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यात हेल्मेटची अट नाही. त्याचा अर्थ त्याला मोकळीक आहे असा काढू नका. एवढ्या लहान बाळाला मोटारसायकलवर नेऊच नये.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न मला हमखास विचारतात. दवाखान्यातून घरी येताना भाड्याची गाडी करणार असाल तर टोपलीसारखी सीट त्यात लावता येते. आदल्या दिवशी चालकाला फोन करून विचारा, मागचे पट्टे चालू आहेत का. बहुतेक टॅक्सींत मागची बकले सीटकव्हरखाली दडपलेली असतात. ती वर काढून ठेवायला सांगा. रिक्षात आणि एसटीत पट्टेच नसतात, तिथे कार सीटचा उपयोग नाही. रिक्षात मधोमध बसा, बाळाला दोन्ही हातांनी धरा, मोबाइल पिशवीत ठेवा आणि चालकाला सावकाश चालवायला सांगा. एसटीत दारासमोरची आणि चालकामागची मोकळी जागा टाळा.

सीटची किंमत चार-पाच हजारांपासून पुढे जाते आणि टोपलीसारखी सीट बाळाला वर्ष-सव्वा वर्षच पुरते. आमच्या वस्तीतल्या तीन घरांनी एकच सीट आळीपाळीने वापरली आहे. पहिल्यांदा आमची नात, मग माझ्या चुलतबहिणीचा नातू, आता शेजारच्या शिक्षिकेची मुलगी. सीट देताना कव्हर धुऊन देतो, पुस्तिका पिशवीत घालून सीटला बांधतो. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मुलाने खरेदीची तारीख, मुदत आणि 'अपघात : नाही' असे लिहून ठेवले आहे, आणि प्रत्येक घर त्याखाली आपली ओळ लिहिते. नव्या घरी सीट गेली की मुलगा रविवारी जातो, पाच किलो तांदळाची पिशवी सीटमध्ये बांधून होणाऱ्या बापाकडून दोनदा लावून-काढून घेतो. शिक्षिकेच्या नवऱ्याने पहिल्या वेळी पट्टा वरूनच टाकला होता.